उंडेऱ्याची अठ्ठावीस कुटुंबे

ज्या शहरास आपले आजे-पणजे बडोदे म्हणत आणि आज ज्यास वडोदरा म्हणतात, त्याच्या लगत उंडेरा नावाचे एक गाव आहे. शहर वाढत वाढत आता त्याच्या दारापर्यंत येऊन ठेपले आहे. परंतु १८९८ साली ते गायकवाडांच्या संस्थानातील एक साधे खेडे होते, आणि त्या खेड्यात प्लेग शिरला होता. प्लेग म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांस सांगावे लागेल. काखेत वा जांघेत गाठ येई, ताप चढे, आणि बहुधा आठवडा उलटण्यापूर्वीच माणूस जाई. जुन्या मराठी पुस्तकांत यास ग्रंथिक सन्निपात असे नाव आहे. वांद्रे येथे रस्त्यांच्या कडेला जे जुने क्रूस दिसतात, त्यांपैकी कित्येक या रोगापासून रक्षण व्हावे म्हणून त्याच काळात लोकांनी उभारलेले आहेत. मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात हा रोग प्रथम ओळखला, तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी, ही गोष्टही आपल्या लोकांनी विसरू नये.

१८९८ च्या फेब्रुवारीत उंडेऱ्यास वाल्देमार हाफकिन आले. ओडेसा येथे जन्मलेले हे यहुदी शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून हिंदुस्थानात आले होते. प्लेगवरील लस त्यांनी मुंबईतच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लस गुणकारी आहे अशी त्यांची खात्री होती. परंतु खात्री निराळी आणि पुरावा निराळा. टोचून घेण्यास आपण होऊन पुढे येतात ते लोक बहुधा सावध, नीटनेटके राहणारे, दोन वेळा पोटभर जेवणारे. ते वाचले, तर लसीमुळे वाचले की आपल्या राहणीमुळे? हा प्रश्न कोणाही विचारी माणसाने विचारावा असाच होता.

हाफकिन यांनी त्याचे उत्तर उंडेऱ्यात शोधले. गावाची कुटुंबवार मोजणी झाली आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचण्यात आली. निम्मी तशीच ठेवण्यात आली. स्त्रिया, पुरुष, मुले, म्हातारी, सशक्त, अशक्त, यांची वाटणी दोन्हीकडे शक्य तितकी सारखी पडेल असे पाहिले. आता एकाच छपराखाली झोपणारी, एकाच चुलीवरचे खाणारी, एकाच घागरीतले पाणी पिणारी माणसे दोन बाजूंस उभी होती, आणि त्यांच्यात फरक असला तर तो लसीचाच.

पुढे गावातील अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग आला. त्या कुटुंबांत टोचलेली माणसे ७१ होती; त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ मरण पावली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मरण पावली. सत्तावीस आजारी, त्यांतला एक उठला! टोचलेली माणसेही न टोचलेल्यांच्याच प्रमाणात मरती, तर त्यांच्यातले सुमारे २९ जण जावयास हवे होते, गेले तिघे. एवढ्या साध्या त्रैराशिकाने वाद जवळजवळ मिटला.

हे आकडे आम्ही प्रथम वाचले, तेव्हा हिशेबाचे कौतुक वाटण्यापूर्वी आमच्या मनात दुसरेच आले. एका घरातील आई टोचलेल्यांत आणि तिचा मुलगा न टोचलेल्यांत, असे झालेच असणार. पुढे त्या घरात गाठ आली, तेव्हा त्या आईने काय म्हटले असेल? हाफकिन यांच्या मनात कपट नव्हते. पुरावा मिळाला नसता तर हजारो लोकांनी लस नाकारली असती, हेही खरे. तरीही त्या २६ जणांचे ऋण आपल्यावर आहे असे आम्हांस वाटते. आजच्या काळात असा प्रयोग करावयाचा, तर प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी लागते. हा नियम जगाने फार उशिरा केला.

हाफकिन यांच्या वाट्यासही पुढे दुःख आले. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांस धनुर्वात होऊन ते मृत्यू पावले, आणि सारा दोष हाफकिन यांच्या माथी आला. प्रत्यक्षात दोष एका बाटलीपुरता होता. १९०७ साली काही नामांकित जीवाणुशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात उघड पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. त्या पत्रावर सही करणाऱ्यांत सर रोनाल्ड रॉस होते. आणि येथून आमची गोष्ट ज्या माणसाकडे वळावयाची आहे, त्याचा रस्ता या रॉस यांच्याच दारावरून जातो.

हिवताप डासांमार्फत पसरतो, हे रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे शोधून काढले, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. पण पुढची गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. डास मारा असे रॉस सांगू लागले, तेव्हा लोक हसले. गावातील शेवटचा डास कोण मारणार? रॉस यांनी कागद-पेन्सिल घेऊन दाखविले की शेवटचा डास मारण्याची गरजच नाही. एका रोग्यापासून डासामार्फत सरासरी एकाहून कमी माणसांस नवा रोग होऊ लागला, की हिवताप हळूहळू आपोआप विझतो. आणि डास एका मर्यादेखाली आणले की तेवढे पुरते. ही मर्यादा गणिताने काढता येते.

१९०१ साली रॉस हिवतापाच्या मोहिमेवर आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर चोवीस वर्षांचा एक तरुण डॉक्टर होता. त्याचे नाव अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक. जन्म एडिंबरोचा, वडील शरीरशास्त्राचे प्राध्यापक, स्वतःचे शिक्षण ग्लासगो येथे वैद्यकाचे. रॉस यांनी त्याच्या डोक्यात गणिताचे वेड भरविले. पुढे हा तरुण हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राहिला, काही काळ बंगालमधील तुरुंगांत आमांशाच्या बंदोबस्ताचे काम केले, आणि १९०५ साली सिमल्याजवळच्या कसौली येथील पाश्चर संस्थेत रुजू झाला. गणिताची पदवी त्याच्यापाशी नव्हती. नोकरी सांभाळून, पुस्तके मागवून, जे शिकला ते स्वतः शिकला. १९११ साली रॉस यांनी त्यास लिहिले की आपण दोघे एक नवे शास्त्र उभे करीत आहोत. आधी आपण दार उघडू, मग ज्यास यावयाचे तो आत येवो.

कसौलीची संस्था म्हणजे त्या काळी पिसाळलेले कुत्रे चावलेल्या लोकांचे आशास्थान. दूरदूरच्या गावांहून माणसे तेथे येत. मॅकेंड्रिक यांच्या हातून अशा रोग्यांच्या नोंदी सतत जात, आणि १९१४ पासून १९२० पर्यंत ते त्या संस्थेचे संचालकच होते. रेबीजच्या उपचाराचे आकडे तपासण्याचे काम त्यांनी पुढे राष्ट्रसंघासाठीही केले. पण कसौलीतले त्यांचे विशेष काम निराळे. १९११ साली त्यांनी डॉ. केशव पै या हिंदी सहकाऱ्याबरोबर जंतूंच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जंतू प्रथम झपाट्याने वाढतात, मग अन्न कमी पडू लागते तशी वाढ मंदावते, आणि शेवटी थांबते. हे सारे त्यांनी एका समीकरणात बसविले आणि काचेच्या नळीत प्रत्यक्ष मोजून ताडून पाहिले. इंग्रजी ग्रंथांत मॅकेंड्रिक यांचे नाव राहिले आणि पै यांचे बहुधा तळटिपेत गेले, हे आम्हांस बोचते.

आता आम्ही ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. हिंदुस्थानातील एका खेड्यात पटकीची साथ आली. गावाचे नाव मॅकेंड्रिक यांनी दिलेले नाही. गावात घरे २२३. हाफकिन यांच्याप्रमाणेच येथेही कोणी तरी घरवार नोंद ठेवली होती, आणि ती अशी: १६८ घरांत एकही रोगी नाही; ३२ घरांत एकेक; १६ घरांत दोनदोन; ६ घरांत तीनतीन; आणि एका घरात चार. एकूण रोगी ८६.

वाचकहो, क्षणभर थांबून या आकड्यांकडे पाहा. आपल्यापैकी कोणीही म्हणेल की तीन चतुर्थांश गाव सुखरूप राहिले, देवाची कृपा. मॅकेंड्रिक यांस मात्र हे आकडे विचित्र वाटले. समजा, २२३ खणांचा एक मोठा पाट मांडला आणि डोळे मिटून ८६ वाटाणे त्यावर टाकले. काही खणांत एकही पडणार नाही, काहींत एक, काहींत दोन. असे किती खण निघतील याचे गणित आहे, आणि ते सांगते की साधारण १५२ खण रिकामे राहतील, ५८ खणांत एकेक वाटाणा पडेल, ११ खणांत दोनदोन, आणि तीन वाटाणे एखाद-दुसऱ्या खणातच सापडतील. गावात तसे नव्हते. एकेक रोगी असलेली घरे ५८ असावयाची, ती ३२ च होती. आणि तीन किंवा अधिक रोगी असलेली घरे एखाद-दुसरी असावयाची, ती सात होती. म्हणजे पटकी साऱ्या गावावर सारखी पडलीच नव्हती. वाटाणे टाकणाऱ्याचा हात पाटाच्या एकाच भागावर फिरत होता.

मग पाटाचा तो भाग केवढा? येथे मॅकेंड्रिक यांची खरी बुद्धी दिसते. रोगी नसलेल्या १६८ घरांचा आकडाच त्यांनी बाजूस ठेवला. त्या आकड्यात दोन निराळ्या प्रकारची घरे एकत्र मिसळलेली आहेत, असे त्यांनी ताडले: ज्यांच्यापर्यंत रोगाचे बीज पोहोचलेच नाही अशी, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचूनही जी नशिबाने वाचली अशी. बाकीचे आकडे, ३२, १६, ६ आणि १, हे मात्र विश्वासाचे. तेवढ्यांवरून उलट हिशेब करीत त्यांनी काढले की हे ८६ वाटाणे ९३ खणांच्या पाटावर टाकलेले असावेत. तसे धरले तर एकेक रोगी असलेली घरे ३४ यावीत, दोनदोनची १६, तीनतीनची ५, चारची १. प्रत्यक्ष आकड्यांशी हे किती जुळते ते वाचकांनीच पाहावे! आणि त्या ९३ घरांपैकी ३७ घरांत, विष दारापर्यंत येऊनही, कोणी आजारी पडले नसावे.

यावरून मॅकेंड्रिक यांनी अनुमान बांधले की रोग पाण्यातून आला असावा, गावात पाणी भरण्याच्या जागा अनेक असाव्यात, आणि ही ९३ घरे एकाच दूषित जागेवर पाणी भरीत असावीत. पुढे गावात चौकशी झाली, तेव्हा वस्तीचा एक भाग खरोखरच एका विशिष्ट दूषित पाणवठ्यावर अवलंबून असल्याचे आढळले.

ज्या बाईने त्या पाणवठ्यावर घागर भरली, तिला हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. हाच हिशेब कोणी साथीच्या दुसऱ्याच आठवड्यात केला असता, तर? अशी जर-तरची भाषा शास्त्रात चालत नाही, हे आम्ही जाणतो. पण मनात आल्यावाचून राहत नाही. गावात जुलाब-वांत्या सुरू झाल्या की आरोग्यसेविका घरोघर फिरून कोणत्या घरात किती, हे लिहून नेते. तिला पुष्कळ ठिकाणी नीट उत्तर मिळत नाही. घरात तीन आजारी असता लाजेने एकच सांगतात. त्या कागदाच्या मागे काय असते, ते वरच्या चार आकड्यांवरून ध्यानी यावे.

पटकीचे हे प्रकरण मॅकेंड्रिक यांनी १९२६ साली एडिंबरोच्या गणित मंडळाच्या अंकात छापले. तोवर ते हिंदुस्थान सोडून गेले होते. संग्रहणीने प्रकृती ढासळल्यामुळे १९२० साली त्यांस स्वदेशी परतावे लागले, आणि एडिंबरो येथील वैद्यांच्या राजमान्य विद्यालयाच्या प्रयोगशाळेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथे त्यांस विल्यम कर्मॅक हा तरुण रसायनशास्त्रज्ञ भेटला. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात दाहक क्षार डोळ्यांत उडून कर्मॅक यांची दृष्टी कायमची गेली. वय अवघे सव्वीस. त्यांनी काम सोडले नाही. दुसऱ्याने वाचून दाखवावे आणि यांनी लांबलचक समीकरणे मनातल्या मनात सोडवावी, असे ते चालले. एक प्रकृती गमावलेला डॉक्टर आणि एक दृष्टी गमावलेला रसायनशास्त्रज्ञ, दोघांपैकी एकही पेशाने गणिती नव्हे. आणि या जोडीने १९२७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो आज रोगांच्या गणिताचा पाया मानला जातो.

त्यातील मूळ कल्पना खेड्यातल्या माणसास समजण्यासारखी आहे. गावातील माणसांचे तीन भाग करावे: ज्यांस रोग होऊ शकतो ते, ज्यांस झाला आहे ते, आणि जे त्यातून सुटले ते, मग बरे होऊन सुटलेले असोत वा मरून. पहिल्या भागातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे किती वेगाने जातात, ते लिहावे. पुढचे काम गणिताचे. पूर्वी लोकांस वाटे की साथ ओसरते ती एक तर सगळ्यांस रोग होऊन गेल्यामुळे, नाही तर जंतूंचा जोर संपल्यामुळे. या दोघांनी दाखविले की दोन्हींची गरज नाही. शेतात पेंढ्याच्या गंजी जवळजवळ असल्या तर आग एकीवरून दुसरीवर जाते. काही जळून मधली अंतरे वाढली की उरलेल्या कोरड्या असूनही वाचतात. साथीचेही तसेच. वस्तीच्या दाटीची एक मर्यादा असते. तिच्याखाली साथ पेटत नाही. समजा, ही मर्यादा १,००० माणसांची आहे आणि गावात १,१०० माणसे आहेत. मग साथ येईल, सुमारे २०० जणांस गाठेल, आणि ९०० च्या आसपास माणसे अस्पर्श ठेवून विझेल. मर्यादेच्या जितके वर, साधारण तितकेच खाली. आणि लस टोचून जर आधीच १५० माणसे पहिल्या भागातून काढून घेतली, तर साथ उभीच राहत नाही. सर्वांस टोचणे साधले नाही तरी पुष्कळांस टोचल्याने उरलेल्यांचे रक्षण का होते, ते यात आले.

या निबंधात एकच आकृती प्रत्यक्ष साथीची आहे, आणि ती आपल्या मुंबईची. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने आठवड्यास किती माणसे मेली, त्याचे ठिपके आणि त्यांवरून जाणारी समीकरणाची रेषा. एप्रिलच्या मध्यास ती रेषा आठवड्यास ८९० मृत्यूंपर्यंत चढते आणि मग जशी चढली तशीच उतरते. ठिपके आणि रेषा इतके जुळतात की पाहणारा चकित व्हावा.

येथे आम्हांस एक सावधगिरीची गोष्ट सांगावयाची आहे, कारण जुळणाऱ्या रेषेवर माणूस फार लवकर विश्वास ठेवतो. प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदरावरील पिसवा माणसास चावून तो माणसात येतो. हे कर्मॅक-मॅकेंड्रिक यांस ठाऊक होते, आणि आपली रेषा म्हणजे ढोबळ अंदाज आहे असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. मुंबईत प्लेग दर हिवाळ्यात चढे आणि उन्हाळ्याच्या तापाने पिसवा कमी होताच दर वर्षी उतरे. २०१२ साली निकोलास बकाएर या फ्रेंच गणितज्ञाने ऋतुमान, उंदीर आणि पिसवा हिशेबात धरून पुन्हा मांडणी केली आणि दाखविले की १९०६ ची साथ ओसरण्यात ऋतूचा वाटा धरल्यावाचून भागत नाही. म्हणजे सिद्धांत खरा, पण ज्या उदाहरणावर तो उभा केला तेच त्याला नीटसे लागू नाही! २०२० साली कोविडच्या दिवसांत ‘अमुक महिन्यात साथ शिखर गाठील’ अशी भाकिते रोज कानी पडत, आणि त्यांतली कित्येक फसली. त्या हिशेबांच्या मुळाशी बहुधा याच तीन भागांची मांडणी होती. दोष मांडणीचा थोडा, तिच्यावरून तारखा सांगणाऱ्यांचा अधिक.

१९३४ साली या दोघांनी मॅकिन्ले यांच्यासह आणखी एक शोध मांडला, तो कुटुंबवत्सल वाचकांनी ध्यानात घ्यावा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि स्वीडन येथील मृत्यूंचे जुने आकडे चाळताना त्यांस दिसले की प्रत्येक पिढी आपले आयुष्यमान जणू बालपणातून बरोबर घेऊन येते. ज्या पिढीचे बाळपण बऱ्या स्थितीत गेले, तिचा मृत्यूचा दर म्हातारपणापर्यंत मागील पिढीहून कमी राहतो. पहिल्या पंधराएक वर्षांतील अन्न आणि राहणी सत्तराव्या वर्षी हिशेब मागते.

मॅकेंड्रिक १९४१ साली निवृत्त झाले आणि १९४३ च्या मे महिन्यात वारले. त्यांच्या लेखांकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष नव्हते. डॉक्टरांस त्यांतले गणित कळत नसे आणि गणितज्ञांस पटकीत रस नसे. पटकीचे ते लहानसे प्रकरण ज्या रीतीने सोडविले, तसलीच रीत, मिसळलेल्या आकड्यांतून हरवलेला आकडा काढण्याची, १९७७ साली हार्वर्डच्या संख्याशास्त्रज्ञांनी व्यापक करून मांडली आणि ती जगभर रूढ झाली; मॅकेंड्रिक यांच्याशी तिचे नाते पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणाच्या ध्यानी आले. अंध कर्मॅक अॅबर्डीन येथे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९७० साली वारले. त्या दोघांचे साथींवरील मूळ निबंध १९९१ साली एका गणिती मासिकाने पुन्हा जसेच्या तसे छापले. त्यात ती आकृती आहे, आणि तिच्याखाली मुंबई बेटाचे नाव आहे. पटकीच्या त्या २२३ घरांच्या गावाचे नाव कोठेच नाही.